कानावर आलं नाही तोवर

अंबरनाथ पूर्व
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय पज्या,

भगताला अशी हाक मारू नये, माहीत आहे. पण अजून तीस दिवस तू भगत झालेला नाहीस, तेवढे दिवस मारून घेते.

रामभाऊ काका बाजारात भाजी घेऊन आले होते. पाटी रिकामी झाल्यावर तीन मजले चढून वर आले आणि धापा टाकत पहिलं वाक्य, "बायो, कागद लिवलास का?" मी लॅबमध्ये डबा खाताना लिहायला घेतला होता, तर आमचे शेठ चष्मा नाकावर ओढून म्हणाले, "क्या बेटा, मोबाइल बिगड गया?" आता उल्हासनगरच्या सिंधी माणसाला मी कसं समजावू, की माझा सत्तावीस वर्षांचा भाऊ, तीन कंपन्या सोडून बुवापाड्याच्या नाक्यावर मित्रांसोबत बसणारा, बदलापूरच्या पुढे डोंगराखाली आण्णांच्या जागी भगत व्हायला नेमाला बसलाय, आणि नेमात समोर नसलेल्या माणसाचा आवाज कानात घ्यायचा नसतो. पणजोबांच्या काळी फोन नव्हते, नियम मात्र होता. याला म्हणतात दूरदृष्टी.

आण्णांची उजवी बाजू तशीच लुळी आहे. शब्द चार उरलेत. हो, नाय, पाणी आणि पोर. पोर म्हणजे तू. मीही त्यांचीच पोर, पण मला बघितलं की ते 'पाणी' म्हणतात. रोज संध्याकाळी मी कॅलेंडरवर तुझा एक दिवस खोडते तेव्हा मान वळवून बघतात. खोडायला उशीर झाला तर डाव्या हाताने पलंगाची पट्टी वाजवतात.

पहाटे ओढ्यावर आंघोळ, एकच वेळ स्वतः शिजवलेलं जेवण आणि देवाच्या ठाणावर आलेल्या माणसाला परत न पाठवणं, इथपर्यंत तू निभावशील असं मला वाटतंय. खोटं बोलायचं नाही हा नियम ऐकून तुझे दाजी जेवता जेवता ठसकले.

काका जाताना परत तेच बजावून गेले. पंचेचाळीस दिवसांत शीव ओलांडली किंवा घरातलं सुतक लागलं तर नेम मोडला. आणि नेमाला बसवणारा गुरूच राहिला नाही तर परत बसता येत नाही. म्हणजे तू ठाण सांभाळायचं आणि मी आण्णांना सांभाळायचं. तुझं काम सोपं आहे रे.

तुझी
ताई

*

ठाणावरून
गुरुवार, २१ नोव्हेंबर

राजसीताईस नमस्कार,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इथे वाचायला दुसरं काही नाही.

खोटं बोलायचं नाही म्हणून आधी हे लिहितो. वारं अजून आलेलं नाही. मंगळवारी आणि रविवारी दिनानाथ ढोल वाजवतो, सगळे वाट बघत बसतात, मीही बसतो. पायाला मुंग्या येतात, बाकी काही येत नाही. आण्णांच्या अंगात वारं आलं की त्यांच्या मानेची शीर कशी उभी राहायची, आठवतं ना? माझी मान नुसती अवघडते. सुपात तांदूळ पसरून बघतो, तर मला तांदूळच दिसतात.

पण ताई, बाकीचं जमतंय. चारला जाग येते, कोणी उठवत नाही. ओढ्याचं पाणी असं असतं की पहिला तांब्या घेताना शिवी येते, ती गिळायची. मग ठाण झाडायचं, दिवा लावायचा, भात शिजवायचा. परवा धरणाकडच्या वाडीतून एकाला साप चावला म्हणून आणला. आण्णा करायचे तसंच केलं. आधी बदलापूरला दवाखान्यात पाठवलं, अंगारा मागाहून. माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी त्याची आई येऊन नुसती बसून राहिली. मीही शेजारी बसलो. जाताना म्हणाली, "तुझा बापूस पन असाच बसाचा."

कंपनीत मी आठ तास मशिनपुढे उभा असायचो आणि दिवस कुठे गेला ते कळायचं नाही. इथे प्रत्येक दिवस हातात येतो. मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट अर्ध्यात सोडलेली नाही. आण्णांना हे सांग. वाऱ्याचंही सांग, लपवू नकोस.

प्रज्वल

*

अंबरनाथ पूर्व
बुधवार, २७ नोव्हेंबर

पज्या,

आण्णांना सगळं पत्र वाचून दाखवलं. वाऱ्याचं ऐकून ते अर्ध्या तोंडाने हसले आणि डाव्या हाताची दोन बोटं वर केली. मी विचारलं, दोन दिवस? नाय. दोन महिने? नाय. शेवटी कळलं, त्यांना वारं यायला दोन वर्षं लागली होती. दोन वर्षं रोज पहाटे ओढ्यावर, आणि गावाला वाटायचं हा जन्मापासून भगत आहे. तेव्हा तू मान मोडून घेऊ नकोस.

सापाचं वाचलं तेव्हा 'पोर' म्हणाले. मग परत म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं.

त्यांना थोडा कफ झालाय. डॉक्टर येऊन गेले, औषध बदललं. हवा बदलली की होतंच असं म्हातारपणी. तू काळजी करत बसू नकोस.

वालाच्या शेंगा पाठवल्यास, पोचल्या. दाजींनी खाल्ल्या, मी सोलल्या.

ताई

*

ठाणावरून
रविवार, १ डिसेंबर

ताई,

काकांना विचारलं आण्णा कसे आहेत, तर म्हणाले, झोपले होते. त्याआधीच्या खेपेलाही झोपलेच होते. काका माझ्या तोंडाकडे न बघता बोलत होते.

तुझ्यावर नेम नाही, तू खोटं लिहू शकतेस. पण लिहू नकोस. आज एकोणतिसावा दिवस. तू नुसतं 'ये' लिही, मी पत्र घडी करून खिशात घालीन आणि शीव ओलांडून चालत येईन. नेम गेला चुलीत. लोक म्हणतील याने हेही अर्ध्यात सोडलं. म्हणू देत.

पण माझं मी ठरवणार नाही. मी ठरवलं की काय होतं ते तीन कंपन्यांना माहीत आहे. तू आण्णांजवळ आहेस. तू ठरव.

प्रज्वल

*

अंबरनाथ पूर्व
मंगळवार, ३ डिसेंबर

पज्या,

येऊ नकोस. आण्णा बरे आहेत. मी आण्णांनाच विचारून लिहितेय.

आणखी सोळा दिवस नाहीत, चौदाच राहिलेत. नीट मोज. कामावर जायचं आहे म्हणून थोडक्यात लिहिलंय.

ताई

*

अंबरनाथ पूर्व
गुरुवार, ५ डिसेंबर

प्रज्वल,

हे पत्र मी काकांकडे देणार नाही. कोणाला तरी सांगितलं पाहिजे म्हणून तुला लिहितेय.

आण्णा गेले. आज सकाळी सव्वासातला.

परवा तुझं पत्र हातात होतं आणि समोर डॉक्टर सांगत होते, घरच्यांना बोलावून घ्या. मी आण्णांच्या कानाशी वाकून विचारलं, पज्याला बोलावू? त्यांनी डावा हात उचलला, स्वतःच्या कानावर ठेवला आणि दाबून धरला. मग त्याच हाताने कॅलेंडर दाखवलं. मी रक्त तपासणारी बाई, एकदा आलेल्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवत नाही. पाच मिनिटांनी परत विचारलं. परत कान, परत कॅलेंडर. पोराच्या कानावर जाऊ देऊ नकोस. म्हणून मी तुला 'येऊ नकोस' लिहिलं.

पण आज सकाळी त्यांनी दाराकडे बघितलं. दोनदा. मग म्हणाले, "पोर." मी म्हटलं, आण्णा, मी आहे ना इथे. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. दाराकडेच बघत राहिले आणि वीस मिनिटांत सगळं संपलं. वीस मिनिटांत तू कुठून येणार होतास? तुला कळवलं असतं तरी वेळेवर पोचला नसतास. मी हे सकाळपासून स्वतःला सांगतेय आणि मला ते पटत नाही. आजचं जाऊ दे, पण परवा 'ये' लिहिलं असतं तर तू पोचला असतास.

अग्नी मी दिला. भटजी काकांकडे बघायला लागले, काका म्हणाले, "ती देल." तिथे उभ्या असलेल्या बायका मला विचारत होत्या, मुलगा कुठाय? मी म्हटलं, परगावी असतो, कळवता आलं नाही. डोंबाऱ्याच्या खेळाकडे बघावं तशी सगळी माझ्याकडे बघत होती.

काकांनी गावात सगळ्यांना ताकीद दिली आहे. कानावर किंवा कागदावर आल्याशिवाय सुतक लागत नाही, तेव्हा तेरा दिवस कोणी तुझ्याशी याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. मी विचारलं, मी सुतकात, तुम्ही सुतकात, मग आपल्या हातचं पत्र ठाणावर कसं चालेल? काका म्हणाले, "कागदाला सुतक नसतं." हा नियम आधीपासून होता की त्यांनी तिथेच काढला, मला माहीत नाही. ते शिवेबाहेर दगडाखाली ठेवतील. दिनानाथ भावकीतला नाही, तो वर आणून देईल.

सतरा तारखेला तुझा पंचेचाळिसावा दिवस आणि आण्णांचा तेरावा. आज संध्याकाळी कॅलेंडरवर दिवस खोडायला गेले आणि पट्टी वाजायची वाट बघत उभी राहिले.

*

ठाणावरून
सोमवार, ९ डिसेंबर

ताई,

काकांचा पाय मुरगळला म्हणून ते वर येत नाहीत असं दिनानाथ म्हणाला. तिळाचं तेल कोमट करून लावायला सांग.

इथे सगळं नीट आहे. थंडी वाढली आहे. पहाटे ठाणावरून खाली बघितलं की धुक्यात गावातली घरं दिसत नाहीत, नुसते कोंबडे ऐकू येतात.

आण्णांचं मात्र मला सगळं लिही. बारीकसारीक लिही. काय जेवले, किती जेवले, झोपले का, काय म्हणाले. मागच्या पत्रात तू दोनच ओळी लिहिल्यास. मला इथे तेवढंच आहे गं.

प्रज्वल

*

अंबरनाथ पूर्व
बुधवार, ११ डिसेंबर

पज्या,

बारीकसारीक पाहिजे ना, घे. कफ उतरला आहे. सकाळी उशी लावून बसवते. तांदळाची पेज वाटीभर घेतात, दुपारी मऊ भात. काल तर जवळ्याची चटणी मागून घेतली, मी बोटावर दिली, चाटून झाल्यावर परत बोट पकडलं. झोप बरी आहे. घोरतात, म्हणजे बघ.

तुझ्या तेलाचं काकांना सांगितलं.

काल दुपारी खिडकीत कावळा येऊन बसला, तर त्याच्याकडे बघून 'पोर' म्हणाले. तुझा रंग उन्हात इतका रापला असेल याची त्यांना खात्री आहे.

अजून सहा दिवस. नीट राहा.

ताई

*

ठाणावरून
गुरुवार, १२ डिसेंबर

ताई,

चटणीचं वाचून बरं वाटलं. तुझ्या हातचा जवळा आण्णांना आवडायचाच.

तुला सांगायचं म्हणजे, मंगळवारी ढोल वाजताना माझं अंग हललं. आधी खांदे, मग छाती, मग सगळंच. मला थांबवता आलं नाही. तोंडातून आवाज आला तो माझा नव्हता असं लोक म्हणतात. दिनानाथ ढोल टाकून पाया पडला. म्हणाला, "आंगान वारा आला रं, आण्णांचा वारा आला." मग बाकीचेही पडले. एका बाईने लेकरू पुढे केलं, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी कोणाला काही म्हटलं नाही.

आण्णांना सांग. ते काय म्हणतात ते मला कळव.

प्रज्वल

*

अंबरनाथ पूर्व
शनिवार, १४ डिसेंबर

पज्या,

सांगितलं. दोन वर्षांचं काम तू अडतीस दिवसांत केलंस म्हणून हसले. मग तुझ्या पत्रावर हात ठेवून पडून राहिले. मला पत्र घेऊ देईनात.

आज मला जास्त लिहायला होत नाहीये. हात दुखतोय. तीन दिवस राहिलेत.

ताई

*

ठाणावरून
मंगळवार, १७ डिसेंबर

ताई,

नेम पुरा झाला. पहाटे शेवटची आंघोळ केली, दिवा लावला, नारळ फोडला. आता मी खरं बोलतो.

मला रविवारी आठ तारखेलाच कळलं. ठाणावर भावकीतलं कोणीच आलं नाही. बाकीचं गाव आलं, आपल्यातलं एक माणूस नाही. संध्याकाळी खाली बघितलं तर आपल्या आळीत एकाही तुळशीपुढे दिवा नव्हता. सोमवारी काका शिवेपाशी दगडाखालचं माझं पत्र उचलायला वाकले, डोक्याचा टॉवेल सुटला. डोकं तासलेलं होतं. पायाने लंगडत मात्र नव्हते.

कोणी सांगितलं नाही, कागदावर आलं नाही. म्हणून नियमाने मला काहीच माहीत नव्हतं. मी तसाच राहिलो. खाली उतरून काकांची गचांडी धरावी असं वाटलं, पण धरली असती तर ते बोलले असते, आणि बोलले असते तर आण्णांनी ज्याच्यासाठी मला इथे बसवलं ते गेलं असतं. बाप गेल्याचं कळूनही भात शिजवायचा, येणाऱ्याचं दुखणं ऐकायचं, चारला उठायचं. दुसरं काही करता येत नव्हतं.

तुला मुद्दाम विचारत राहिलो, काय जेवले, काय म्हणाले. तुला त्याचा किती त्रास झाला असेल हे मला कळत होतं, तरी विचारलं. कारण तू लिहायचीस आणि आण्णा जेवायचे. सकाळी पेज, दुपारी भात. असे ते माझ्यासाठी आणखी थोडे दिवस जेवले. फक्त जवळ्याचं चुकलंस. तुझ्या पत्रातलं 'काल' म्हणजे मंगळवार होता. आण्णांनी चाळीस वर्षांत मंगळवारी मासळीला बोट लावलं नाही. त्या ओळीवर मी आधी हसलो आणि मग ती ओळ बोटाने झाकून पुढचं वाचलं.

आता सगळ्यात वाईट. त्या मंगळवारी आलं ते वारं नव्हतं. तो हुंदका होता. रविवारपासून दाबून ठेवलेला, ढोल वाजायला लागल्यावर सुटला. लोकांनी पाय धरले. 'हे वारं नाही, मी बापासाठी रडतोय' असं म्हणालो असतो तर नेम मोडला असता. गप्प बसलो तर भगत झालो. मी खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. नेमात याला काय म्हणतात हे सांगणारा एकच माणूस होता.

अजून मी नीट रडलेलो नाही. सुतक लागल्याशिवाय रडायचं कसं? दिनानाथला गाडीवर पाठवतोय, तो पत्र घेऊन तुझ्याकडे येईल आणि उत्तर घेऊन परत येईल. फोन पेटीत आहे, काढणार नाही. तुझ्याच हातचं पाहिजे. एक ओळ लिही.

प्रज्वल

*

अंबरनाथ पूर्व
मंगळवार, १७ डिसेंबर, दुपार

प्रज्वल,

आपले आण्णा गुरुवारी, ५ डिसेंबरला सकाळी सव्वासातला गेले.

त्या दिवशीच एक पत्र लिहून ठेवलं होतं, ते सोबत देतेय. त्यात शेवटच्या सकाळचं आहे, दाराचं आहे. ते खोडावं असं तीनदा मनात आलं. खोडलं नाही. तू पंचेचाळीस दिवस खरं राहायचा प्रयत्न केलास, मी एक ओळ तरी खरी ठेवते. वाचून माझ्यावर रागावलास तर रागाव. 'ये' लिहायचं माझ्या हातात होतं आणि मी लिहिलं नाही. त्यांनी आधी कान झाकला आणि मग दाराकडे बघितलं. यातलं कोणतं धरायचं ते मला आजही कळत नाही.

तुझ्या हुंदक्याला वारं म्हणायचं की नाही, मला विचारू नकोस. मला फक्त एवढं माहीत आहे की तू लेकराच्या डोक्यावर हात ठेवलास तेव्हा तुझ्याच डोक्यावर कोणाचा नव्हता.

लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस सुतक असतं म्हणे. अग्नी दिला म्हणून मी तेराही पाळले. आज ते संपलं. आणि हे पत्र तू उघडशील तेव्हा तुझं सुरू होईल. आपल्याला एका सुतकात बसून रडताही आलं नाही, पज्या.

घरात तेराव्याची माणसं जेवतायत. ती उठली की मी निघते. दाजी म्हणतात, आजच कशाला, आजच तर तू सुटलीस, त्याला शिवलीस तर परत आंघोळ. मी त्यांना म्हटलं, मग करीन आंघोळ. ओढा आहे तिथे.

दिनानाथ जेवत नाही म्हणतोय, नुसता दारात उभा आहे. त्याला पुढे पाठवतेय. तू दिवा लावू नकोस आता, ते दुसरं कोणी लावेल. तू शिवेपाशी येऊन बस. मी संध्याकाळच्या आत पोचते.

ताई